चोर सोडून स्पीकरला फाशी

गेमिंग लॅपटॉप दुरुस्तीला टाकला की काउंटरवरचा मुलगा जॉबशीट भरतो आणि तक्रारीच्या रकान्यात लिहितो : ‘स्पीकर नॉइज’. लाख-सव्वा लाखाच्या यंत्राची सगळी व्यथा या दोन शब्दांत कोंबली जाते आणि पुढचा घोळ इथूनच सुरू होतो. या दोन शब्दांत आरोपी ठरलेला असतो, गुन्हा मात्र कुठेच लिहिलेला नसतो. आवाज कसला आहे? फोडणीतल्या मोहरीसारखी तडतड? जुन्या रेडिओची खरखर? गिरणीची घरघर, भुंग्याची गुणगुण, रातकिड्याची किर्र, की डब्यात खडा पडल्यासारखी खुळखुळ? मराठीत या प्रत्येकाला स्वतंत्र शब्द आहे आणि घरातली आजीसुद्धा तो न चुकता वापरते. हे सगळं शहाणपण काउंटरवर पोचताच ‘नॉइज’ या एका शब्दात विरघळतं. माझं म्हणणं साधं आहे. आवाजाचं नाव आणि त्याची वेळ, म्हणजे तो कधी येतो आणि कधी थांबतो, या दोन गोष्टी लिहून घेतल्याशिवाय लॅपटॉपचा एकही भाग बदलू नये. ग्राहकाने बदलू देऊ नये आणि दुकानदाराने बदलायला सुचवू नये. कारण अशा तक्रारींत स्पीकर निर्दोष निघण्याची शक्यता भरपूर असते.

स्पीकर हा निरोप्या आहे. त्याच्याकडे जे येतं ते तो बोलतो. ज्यांनी 2जीचे दिवस पाहिले त्यांना आठवत असेल, टीव्हीजवळ मोबाइल ठेवलेला असला की रिंग वाजायच्या क्षणभर आधीच टीव्हीतून ‘तर्र तर्र, तर्र तर्र’ असं ऐकू यायचं. 2जी फोन सलग प्रक्षेपण करत नाही. दर 4.615 मिलिसेकंदांनी एकदा, म्हणजे सेकंदाला सुमारे 217 वेळा, तो लहरींचा झटका सोडतो, आणि जवळच्या तारा तो झेलून स्पीकरपर्यंत पोचवतात. त्यासाठी कुणी टीव्हीचा स्पीकर बदलायला निघालं नाही. फोन उचलून पलीकडे ठेवला, आवाज थांबला, निदान झालं. आवाज कधी येतो आणि काय केल्यावर जातो याचं निरीक्षण सगळ्यांनीच केलं होतं, कुणाला त्याचं वेगळं नाव ठाऊक नव्हतं इतकंच. लॅपटॉपच्या बाबतीत मात्र हीच माणसं निरीक्षण सोडून थेट सुट्या भागांच्या किमती विचारू लागतात.

सगळ्यात जास्त गैरसमज तडतडीबद्दल आहे. गाणं नीट चाललेलं असतं आणि मधेच तडतड होते, गेममध्ये गोळीबाराच्या ऐन वेळी आवाज तुटतो, पुन्हा सगळं सुरळीत. हे ऐकून स्पीकर फाटला असं वाटणं स्वाभाविक आहे, पण फाटलेला स्पीकर मधेच बरा होत नाही. संगणकात आवाज सलग वाहत नसतो. सेकंदाला साधारण 48,000 नमुने असा तो तुकड्या-तुकड्यांनी असतो, आणि विंडोज एका खेपेला नेहमीच्या व्यवस्थेत 10 मिलिसेकंद पुरतील इतके, म्हणजे 480 नमुने पुढे वाढतं. पंगतीसारखाच प्रकार. पान रिकामं व्हायच्या आत वाढपी परत आला पाहिजे. एरवी तो येतोच. पण ग्राफिक्स कार्ड, वायफाय, बॅटरीची देखरेख यांचे ड्रायव्हर हे या पंगतीतले मानकरी. त्यांनी हाक मारली की वाढप्याला हातातलं भांडं ठेवून धावावं लागतं. त्यांनी त्याला अडकवून ठेवू नये असा दंडक आहे. अशा तातडीच्या कामाने 100 मायक्रोसेकंदांपेक्षा जास्त वेळ खाऊ नये, असं मायक्रोसॉफ्ट ड्रायव्हर लिहिणाऱ्यांना सांगते. म्हणजे त्या 10 मिलिसेकंदांचा फक्त शंभरावा भाग. एखादा मानकरी वाढप्याला धरून बसला की आवाजाचं पान रिकामं पडतं. ती रिकामी जागा म्हणजे आपली तडतड.

आता गेमिंग लॅपटॉप म्हणजे मानकऱ्यांचंच गाव. ग्राफिक्सचा एक मानकरी प्रोसेसरच्या आतला, दुसरा स्वतंत्र, आणि वीज वाचवण्यासाठी दोघांमध्ये सतत अदलाबदल. पंख्यांचा वेग ठरवणारं कंपनीचं सॉफ्टवेअर, कीबोर्डच्या रंगीत दिव्यांचं दुसरं, आवाज ‘सुधारणारं’ तिसरं. साध्या ऑफिसच्या लॅपटॉपमध्ये यातलं निम्मंही नसतं. म्हणून महागड्या गेमिंग यंत्रात तडतड ऐकू यावी आणि शेजारच्या स्वस्त लॅपटॉपमध्ये येऊ नये, यात विरोधाभास काही नाही. सप्टेंबर 2025 मध्ये असूसच्या आरओजी मालिकेतल्या गेमिंग लॅपटॉपबद्दल एका वापरकर्त्याने प्रसिद्ध केलेला तपास या संदर्भात मुद्दाम लक्षात ठेवावा असा आहे. ठरावीक वेळाने आवाज तुटणं आणि चित्र अडखळणं, ही तक्रार अनेकांची होती. त्याने माग काढला तो थेट फर्मवेअरपर्यंत, म्हणजे विंडोज सुरू होण्याआधीपासून मदरबोर्डवर बसलेल्या कंपनीच्या स्वतःच्या प्रोग्रॅमपर्यंत. जे काम झटक्यात उरकायला हवं, त्याच्या मधोमध ‘थोडं थांब’ अशा सूचना लिहिलेल्या होत्या, आणि स्वतंत्र ग्राफिक्स कार्डाची वीज उगाच चालू-बंद करण्याचा खटाटोपही होता. कंपनीने तक्रारीची दखल घेतली आणि काही मॉडेलसाठी सुधारित फर्मवेअर (बायोस) दिलं. त्या लॅपटॉपचा स्पीकर दहा वेळा बदलला असता, विंडोज वीस वेळा नव्याने टाकलं असतं, तरी काय फरक पडला असता?

अशा तडतडीचा पुरावा गोळा करायला स्क्रू ड्रायव्हर लागत नाही. यूएसबीवर चालणारा हेडसेट लावावा. अशा हेडसेटमध्ये आकड्यांचं आवाजात रूपांतर हेडसेटच्या आतच होतं. लॅपटॉपमधली आवाजाची चिप, तिचा अ‍ॅम्प्लिफायर, स्पीकर हे सगळे त्या वेळी घरी बसलेले असतात. तरीही तडतड आली तर स्पीकर सुटला, त्याला सन्मानाने मोकळं करावं. ब्लूटूथवर हीच चाचणी करू नये, कारण ब्लूटूथला स्वतःची तुटातूट असते आणि साक्षीदारच संशयित होतो. मग वायफाय दोन मिनिटं बंद करून पाहावं. लेटन्सीमॉन नावाची छोटी प्रणाली पाच-दहा मिनिटं चालवली तर कुठला ड्रायव्हर किती वेळ अडवून बसतो ते आकड्यांत दिसतं. तिथली नावं अगम्य असतात, पण एनव्हीने सुरू होणारं बहुधा एनव्हिडियाचं, एनडीआयएस म्हणजे नेटवर्क, एसीपीआय म्हणजे वीज-व्यवस्था, एवढं कळलं तरी पुरतं. नाव दिसलं म्हणजे गुन्हा शाबीत झाला, असं मात्र नाही. एनडीआयएस हा विंडोजचाच एक थर आहे आणि त्याच्या आडून प्रत्यक्षात एखादा वायफायचा ड्रायव्हर उद्योग करत असतो. पण संशय कुठे घ्यायचा हे कळतं आणि तो स्पीकरच्या जाळीपासून बराच लांब असतो.

काही आवाज तर स्पीकरमधून येतच नाहीत, तरी शिक्षा त्यालाच होते. गेमचा मेनू उघडला की कानात घुसणारी बारीक शीळ येते आणि प्रत्यक्ष खेळ सुरू झाला की ती खाली उतरते. आवाज म्यूट करून बघावा. शीळ चालूच राहिली तर ती वीज पुरवणाऱ्या सर्किटमधल्या कॉइलची आहे. तिच्यातून जाणारा प्रवाह सेकंदाला हजारो वेळा कमी-जास्त होतो आणि ती अक्षरशः थरथरते. मेनूत रंगवायला फारसं काही नसल्यामुळे ग्राफिक्स कार्ड सेकंदाला शेकडो चित्रं काढत सुटतं, म्हणून तिथे आवाज चढतो. गेमच्या सेटिंगमध्ये फ्रेमची संख्या 60 किंवा 120 वर बांधली की तो बहुतेकदा उतरतो. काम फुकटातलं. 2021 मध्ये ‘न्यू वर्ल्ड’ या गेमच्या चाचणीच्या काळात काही महागडी ग्राफिक्स कार्डं जळाली, तेव्हा कार्डांच्या सोल्डरिंगमधला दोष पुढे आला. पण मेनूतल्या फ्रेमना लगाम घालायचं कामही गेमवाल्यांना करावं लागलं. पंख्याच्या घरघरीबद्दल वेगळं लिहीत नाही. तीही म्यूट केल्यावर चालू राहते.

गुणगुणीची गोष्ट वेगळी आणि आपल्याकडे जास्त गंभीर आहे. लॅपटॉपला बाहेरचे स्पीकर किंवा होम थिएटर ऑक्सच्या वायरने जोडलं, चार्जर लावला, की एक सलग ‘घूं’ सुरू होतं. चार्जर काढला की थांबतं. लॅपटॉपच्या धातूच्या अंगाला हात लावला की कधी आवाज बदलतो, कधी बोटांना झिणझिण्या येतात. इथे आपल्या घरातली वीज बोलत असते. भारतात ती 230 व्होल्टची आणि 50 हर्ट्झची. गेमिंग लॅपटॉपचे चार्जर 180, 240, कधी 330 वॉटचे असतात आणि त्यांना तीन पिनांचा प्लग दिलेला असतो तो शोभेसाठी नव्हे. चार्जरच्या आत बारीक कपॅसिटर असतात, ते विजेतला कचरा अर्थच्या तारेत सोडतात. अर्थ जोडलेलंच नसेल तर तो कचरा जाणार कुठे? लॅपटॉपचं अंग अधांतरी राहून मेन्सच्या निम्म्या व्होल्टेजच्या आसपास तरंगू लागतं. प्रवाह अगदी क्षीण असल्याने माणूस मरत नाही, झिणझिण्या येतात. शहरांतल्या जुन्या वाड्यांत, चाळींत, भाड्याच्या खोल्यांत भिंतीवर तीन भोकांचं सॉकेट असतं, पण मागे अर्थची तार असेलच याची खात्री नसते. त्यात आपण तीनचं दोन करणारा वीस-तीस रुपयांचा कन्व्हर्टर लावतो आणि उरलीसुरली सोयही तोडून टाकतो.

नेमकं इथेच सगळ्यात धोक्याचा ‘उपाय’ सर्रास सांगितला जातो : अर्थची पिन काढून टाका, गुणगुण जाईल. कधीकधी जातेही. दोन उपकरणं दोन वेगळ्या सॉकेटांतून अर्थला जोडलेली असली आणि मधे ऑक्सची वायर असली, की त्या तारांचं एक वेटोळं तयार होतं. त्यातून फिरणारा प्रवाह म्हणजेच ती गुणगुण. पिन काढली की वेटोळं तुटतं आणि आवाज बंद होतो. पण त्याचबरोबर, चार्जरमध्ये उद्या खरंच बिघाड झाला तर वीज जमिनीत नेणारी वाटही बंद होते. हे म्हणजे ढेकूण झाले म्हणून घराला आग लावण्यासारखं. दोन्ही उपकरणं एकाच एक्स्टेन्शन बोर्डवर घेणं, ऑक्सच्या वायरमध्ये ग्राउंड लूप आयसोलेटर नावाची छोटी डबी बसवणं, नाहीतर सरळ ऑप्टिकल केबल वापरणं, हे सरळ मार्ग आहेत. आणि अर्थिंगच नसेल तर लॅपटॉप दुकानात घेऊन जाऊ नये, वायरमनला घरी बोलवावं. जमिनीत पत्रा, भोवती कोळसा आणि मीठ, वरून अधूनमधून पाणी, ही जुनी अर्थिंगची पद्धत माहीत असलेला माणूस प्रत्येक गावात सापडतो. लॅपटॉपच्या गुणगुणीने घरातला हा दोष उघड केला तर तिचे आभारच मानले पाहिजेत. त्याच भिंतीवर पुढे गिझर आणि वॉशिंग मशिनही लागलेलं असतं.

मग स्पीकर कधीच दोषी नसतो का? असतो. आवाज वाढवला की एका ठरावीक सुरालाच खुळखुळतो, एकाच बाजूला, यूएसबी हेडसेटमध्ये अजिबात नाही, चार्जरवर आणि बॅटरीवर सारखाच, असं असेल तर तो बहुधा खरा गुन्हेगार. तिथेही बोटाने जाळीजवळ हलकं दाबून बघावं. खुळखुळ थांबली तर एखादा स्क्रू ढिला आहे आणि काम पाच मिनिटांचं आहे. स्पीकरच्या चुंबकाला लोखंडाचा बारीक कीस चिकटतो, तो पडद्याशी घासला की खरखर येते. कधी दोष स्पीकरच्या मालकाचा असतो. कंपनीचं बास वाढवणारं बटण, विंडोजचं ध्वनी-संवर्धन आणि गेममधला इक्वलायझर, तिन्ही एकदम चालू. डिजिटल आवाजाला एक छत असतं. त्याच्यावर जाणाऱ्या प्रत्येक लाटेचा माथा सपाट कापला जातो आणि तो काप आपल्याला फाटका आवाज म्हणून ऐकू येतो. दोन-दोन वॉटच्या चपट्या स्पीकरकडून लग्नाच्या डीजेची अपेक्षा ठेवली तर तो कण्हणारच. सगळी संवर्धनं बंद करून पाहायला एक मिनिट लागतं.

यावर पहिला आक्षेप ठरलेला आहे : ग्राहकाने पैसे मोजले आहेत, त्याने इंजिनिअर का व्हावं? होऊ नयेच. पण डॉक्टरकडे गेल्यावर ताप सकाळी येतो की संध्याकाळी, थंडी वाजून येतो की नाही, हे रोगीच सांगतो, आणि ते सांगायला एमबीबीएस लागत नाही. म्यूट करून पाहणं, चार्जर काढून पाहणं, हेडसेट लावून पाहणं, वायफाय बंद करून पाहणं, यातलं काहीही तापमापकापेक्षा अवघड नाही. दुसरा आक्षेप दुरुस्तीवाल्यांचा आणि तो जास्त वजनदार आहे. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्याच्या तपकीर गल्लीत दिवसभर गिऱ्हाइकांची रांग सांभाळणारा माणूस म्हणेल, निदानाचे पैसे कोण देतं? भाग बदलला तर बिल होतं, नुसतं ऐकलं तर ‘तुम्ही काय केलंत?’ असं विचारलं जातं. हे खरं आहे आणि यात चूक आपली, ग्राहकांची आहे. वकिलाच्या सल्ल्याला आपण फी देतो, मग कारागिराच्या कानाला का नाही? निदानाची वेगळी फी लावली आणि ग्राहकांनी ती कुरकूर न करता दिली, तर उगाच बदलले जाणारे पुष्कळ मदरबोर्ड वाचतील. कंपनीच्या अधिकृत सर्व्हिस सेंटरांना मात्र ही सबब नाही. त्यांच्याकडे सर्किटचे नकाशे आहेत, फर्मवेअरच्या सुधारणांची यादी आहे, आणि एकाच मॉडेलच्या शंभर तक्रारी एकाच वेळी दिसण्याची सोय आहे.

तिसरा आक्षेप अनुभवाचा : ‘फॉरमॅट मारला आणि आवाज गेला, मग चुकलं काय?’ जातो खरा. नव्याने विंडोज टाकलं की ड्रायव्हरची वेगळी आवृत्ती येते, कंपनीची डझनभर सॉफ्टवेअरं काही दिवस नसतात, आणि मानकऱ्यांची गर्दी तात्पुरती ओसरते. मग अपडेट येतात, कंपनीचं पॅनल पुन्हा बसतं आणि महिन्याभरात तडतड परत. ग्राहक पुन्हा काउंटरवर, पुन्हा तेच दोन शब्द. फॉरमॅटने आवाज गेला, एवढ्यावरून गुन्हेगार सॉफ्टवेअरमध्ये आहे इतकंच कळतं. कोण ते कळत नाही, आणि शोधायचा पुरावा तेवढा पुसला जातो. एकेक ड्रायव्हर बदलून पाहणं कंटाळवाणं आहे, पण त्यातून उत्तर मिळतं.

सरकारी पातळीवर दुरुस्तीच्या हक्काची भाषा आता रुळली आहे. केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने 2022 च्या जुलैत त्यासाठी समिती नेमली आणि त्याच वर्षी 24 डिसेंबरला, राष्ट्रीय ग्राहक दिनी, ‘राइट टू रिपेअर’ पोर्टल सुरू केलं. फ्रान्सने 1 जानेवारी 2021 पासून लॅपटॉपसकट काही वस्तूंवर दुरुस्ती-निर्देशांक छापणं सक्तीचं केलं. त्यात यंत्र किती सहज उघडतं, सुटे भाग मिळतात का, किती किमतीला मिळतात, कागदपत्रं दिली आहेत का, हे मोजलं जातं. चांगलंच आहे. पण उघडायला सोपं आणि भाग स्वस्त, एवढ्याने चुकीचा भाग बदलणं फक्त सोपं आणि स्वस्त होतं. आपल्या 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यात, सेवा देणाऱ्याने महत्त्वाची माहिती जाणूनबुजून दडवणं हीसुद्धा सेवेतली त्रुटी मानली आहे. कुठल्या चाचणीवरून हा भाग सदोष ठरवला, ही माहिती महत्त्वाची नाही तर दुसरी कुठली? ती जॉबशीटवर छापील रकान्यांतच मागावी : आवाज कसा, चार्जरवर की बॅटरीवर, म्यूट केल्यावर राहतो का, हेडसेटमध्ये येतो का, कुठला बायोस आहे. हे रकाने भरल्याशिवाय भाग बदलल्याचं बिल निघूच नये, इतकी साधी अट वॉरंटीच्या नियमांत घालता येईल.

तोवर रकाना आपणच भरायचा. काउंटरवरच्या मुलाच्या हातून पेन घ्यावं आणि ‘स्पीकर नॉइज’ खोडून लिहावं : ‘तडतड. चार्जरवर आणि बॅटरीवरही. यूएसबी हेडसेटमध्येही येते. वायफाय बंद केलं की थांबते.’ अर्धं मिनिट जास्त लागेल. हे वाचणारा टेक्निशियन स्पीकरचे स्क्रू उघडायच्या आधी वायफायच्या ड्रायव्हरची तारीख बघेल.